प्रगतिपुस्तकातला ‘प्रिकोशस’

प्रश्न : माझी नात टिळकवाडीतल्या एका इंग्रजी शाळेत दुसरीला आहे. परवा सहामाहीचं प्रगतिपुस्तक आलं. मार्क चांगले आहेत, खरं खाली शेऱ्याच्या रकान्यात बाईंनी लिहिलंय, ‘अ प्रिकोशस चाइल्ड’. मुलगा म्हणाला, ‘प्रेशस’ लिहायचं असेल, घाईत चुकलं. सुनेनं मोबाइलवर बघितलं तर ‘अकालप्रौढ’ असा अर्थ निघाला. ‘अकाली’ वाचून माझ्या पोटात गोळाच आला. आमच्यात अकाली म्हटलं की दुसरंच काहीतरी डोळ्यापुढं येतं. पोर बोलते फार, प्रश्न विचारून जीव खाते, हे खरं आहे. आता बाईंना जाऊन जाब विचारायचा की गल्लीत कुंदा वाटायचा? आणि सून गोकाकची, माहेर कन्नड. व्याही फोनवर विचारायलेत, ‘मार्क कसे पडले, बाई काय म्हणाल्या?’ त्यांना काय सांगू, तेही लिहा की.
— एक आजी, टिळकवाडी, बेळगाव

उत्तर : ताई (आजी म्हणत नाही, वयानं आपण बरोबरीच्याच असू), कुंदा आणा. गल्लीभर वाटू नका, घरापुरता आणा. का ते पुढं सांगते.

आधी तुमच्या मुलाचं. बाईंचं काही चुकलेलं नाही. ‘प्रेशस’ म्हणजे मोलाचा. तो ‘प्राइस’च्या घरातला शब्द, किमतीवरून आलेला. ‘प्रिकोशस’च्या पोटात ‘सी-ओ’ ही दोन अक्षरं जास्त आहेत आणि तेवढ्यानं घराणंच बदलतं. उच्चार प्रि-को-शस, जोर ‘को’वर. पुष्कळ जण ‘प्रेकॉशियस’ म्हणतात, तसं म्हणू नका.

आता सुनेच्या मोबाइलचं. ‘अकालप्रौढ’ हा शब्द कोशात आहे, चुकीचा नाही. पण मी सत्तावीस वर्षं खानापूर तालुक्यातल्या एका मराठी हायस्कुलात इंग्रजी शिकवलं, त्याआधी आणि त्यानंतरही मराठीतच जगले, आणि ‘अहो, तुमचा मुलगा अकालप्रौढ आहे हं’ असं बोलताना मी जिवंत माणसाला ऐकलेलं नाही. कोश लिहिणाऱ्यानं शब्दाची फोड करून मराठी कपडे घातले, एवढंच. तुम्हाला जो धसका बसला तो त्या कपड्यांचा.

हा शब्द मुळात माणसाचा नाहीच, फळाचा आहे. लॅटिनमध्ये ‘प्राय’ म्हणजे आधी, आणि ‘कोक्वेरे’ म्हणजे शिजवणं. शिजवणं आणि पिकवणं या दोन्हींना रोमन लोक एकच क्रियापद वापरायचे, कारण चूल अन्न शिजवते तसं ऊन फळ शिजवतं. त्यावरून ‘प्रायकॉक्स’ म्हणजे हंगामाच्या आधी पिकलेलं. ऐकायला परकं वाटतं, पण आपल्या घरात काय आहे बघा. संस्कृतातला ‘पच्’ धातू याच मुळाचा. त्याचा ‘पाक’, म्हणून तुम्ही रोज करता तो ‘स्वयंपाक’, लाडवाचा ‘एकतारी पाक’, सणाचं ‘पक्वान्न’. पोटात शिजतं ते ‘पचन’. झाडावर शिजतं ते ‘पक्व’, आणि प्राकृतातून झिजत आलेलं आपलं ‘पिकणं’. ‘पक्का’सुद्धा त्यातलाच. तो तर साहेबानं आपल्याकडून उचलला आणि ‘पका’ म्हणून इंग्रजीत नेऊन ठेवला. बेळगावच्या कँपात एके काळी किती ‘पका साहेब’ फिरले असतील कोण जाणे. तिकडं युरोपात त्याच ‘कोक्वेरे’पासून ‘कुक’ आणि ‘किचन’ आले, आणि चहात बुडवायचं ‘बिस्किट’ही, बिस्किट म्हणजे दोनदा भाजलेलं. तेव्हा ताई, तुमच्या नातीच्या प्रगतिपुस्तकातला शब्द तुमच्याच स्वयंपाकघराचा लांबचा पाहुणा आहे.

या ‘कुक’वरून माझी एक जुनी गोष्ट सांगते, सांगायला लाज वाटते तरी. १९८७ चा पावसाळा. खानापूरचा पाऊस तुम्हाला माहीत आहे. कौलांवर असा वाजायचा की ओरडून ओरडून घसा बसायचा. सातवीचा वर्ग. मी फळ्यावर लिहिलं, टीच–टीचर, रीड–रीडर, सिंग–सिंगर. म्हटलं, क्रियापदाला ‘अर’ लावला की ते काम करणारा माणूस होतो. मागच्या बाकावरचा एक पोरगा उठला. त्याच्या घरी नुकताच कुकर आला होता, खडेबाजारातून घेतलेला, आठवडाभर शाळेत तेवढंच कौतुक चाललेलं. म्हणाला, ‘बाई, मग शिजवणारा माणूस कुकर व्हायला पाहिजे. तो कुक कसा? आणि भांडं कुकर कसं?’

वर्ग हसला. माझ्याकडं उत्तर नव्हतं. मी म्हटलं, ‘आगाऊपणा पुरे. खाली बस.’

बसला तो. वर्षभर पुन्हा उठला नाही. मार्क पडायचे चांगले, पण तोंड उघडलं नाही. उत्तर मला अकरा वर्षांनी सापडलं, बेळगावात जुन्या पुस्तकांच्या दुकानात उभ्या उभ्या एक कोश चाळताना. इंग्रजीत ‘कुक’ हे आधी माणसाचंच नाव होतं, लॅटिनमधून फार जुन्या काळी आलेलं. क्रियापद नंतर त्या नावावरून झालं. माणसाची जागा आधीच भरलेली, म्हणून एकोणिसाव्या शतकात ‘कुकर’ शब्द निघाला तेव्हा तो शेगडीच्या आणि भांड्याच्या वाट्याला गेला. पोराचा प्रश्न बरोबर होता. नियम मी अर्धा शिकवला होता. त्याच पानांत पुढं ‘प्रिकोशस’ भेटला आणि वाटलं, त्या दिवशी मला हा शब्द हवा होता, आणि मी ‘आगाऊ’ वापरला.

आणि गंमत म्हणजे दोन्ही शब्दांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. ‘आगाऊ’ म्हणजे आधीचा, वेळेपूर्वीचा. आगाऊ भाडं, आगाऊ रक्कम, आगाऊ सूचना, यात कुणाला राग येत नाही. तोच शब्द पोराला लावला की थप्पड होते. आधी आलेला पैसा आपल्याला चालतो, आधी आलेली अक्कल चालत नाही. शेतकरी त्या मानानं मनानं मोकळा. तो ‘आगाप’ म्हणतो. आगाप पेरा, मागास पेरा. आगाप म्हणजे नुसतं लवकरचं, त्यात शाबासकी नाही की शिवी नाही. इंग्रजीतला ‘प्रिकोशस’ बसतो या दोहोंच्या मध्ये, आगापहून जरा चावरा, आगाऊहून बराच सौम्य. सतराव्या शतकाच्या मध्याला तो इंग्रजीत आला तेव्हा झाडांसाठीच वापरत. भर थंडीत फुलणाऱ्या झाडाला म्हणत. मग मुलांना लागला, आणि आता बहुतेक मुलांनाच लागतो.

माझ्या मनात असलेला मराठी शब्द आणखी वेगळा आहे. पाड. आंब्याच्या दिवसांत झाडाला पाड लागला म्हणजे काय, हे नातीला माहीत नसेल, तुम्हाला आहे. सगळ्या हिरव्या कैऱ्यांत एखादा आंबा आपला आपण पिकतो, आणि तो दिसला की कळतं, आता झाड उतरवायला हरकत नाही. बाईंनी तुमच्या नातीला पाडाचा आंबा म्हटलंय, असं समजा. आढीत घातलेला नव्हे, आणि पुडी ठेवून पिकवलेला तर नव्हेच. कार्बाईडनं फळ पिकवायला कायद्यानंही बंदी आहे. पिकलेलं वेगळं, पिकवलेलं वेगळं. पाठ करून घेऊन पाहुण्यांपुढं इंग्रजी कविता म्हणायला लावलेल्या पोराला कुणी प्रिकोशस म्हणत असेल तर त्यानं शब्द वाया घालवला. प्रिकोशसमधलं पिकणं आतून आलेलं असतं, म्हणून तर ते गैरसोयीचं असतं.

जर्दाळूचं राहिलंच. रोमन लोकांकडं पीच होतं, आणि जर्दाळू आला तो पीचच्या आधी पिकायचा. म्हणून त्याला नाव पडलं ‘आधी पिकलेलं’, म्हणजे हाच प्रायकॉक्स. ते नाव ग्रीकांनी घेतलं, त्यांच्याकडून अरबांनी, अरबांनी त्याला आपलं ‘अल’ लावून ‘अल्-बरकूक’ केलं, ते स्पेन-पोर्तुगालात उतरलं, तिथून इंग्रजीत ‘अ‍ॅब्रेकॉक’ झालं आणि शेवटी ‘अ‍ॅप्रिकॉट’. निपाणीहून बेळगावला यायचं आणि वाटेत कोल्हापूर, सावंतवाडी, पणजी करत यायचं, त्यातली गत. अ‍ॅप्रिकॉट आणि प्रिकोशस एकाच आईची लेकरं, पण एक थेट लॅटिनमधून आला आणि दुसरा जग हिंडून, त्यामुळं आता रस्त्यात भेटले तर ओळख देणार नाहीत. आपण सरळ फारसीतून ‘जर्दाळू’ घेतला, म्हणजे पिवळा आलू (हा आलू बटाटा नव्हे, आलुबुखारातला). रंग बघितला आणि मोकळे झालो.

आता बाईंचा शेरा कसा वाचायचा ते. हे विशेषण दुधारी आहे, हे लपवत नाही. ‘प्रिकोशस टॅलेंट’ म्हटलं की कौतुक. ‘प्रिकोशस रीडर’ म्हटलं तर वयापेक्षा मोठी पुस्तकं वाचणारा, तेही कौतुकच. पण एखादा इंग्रज ‘लिटल’ हा शब्द मागं जोडून दात आवळून म्हणाला, तर समजायचं की पोरानं त्याला चारचौघांत निरुत्तर केलंय. बाईंनी नुसतं ‘चाइल्ड’ जोडलंय. त्यात दोन गोष्टी असाव्यात: पोर हुशार आहे, आणि कधी कधी बाईंचा तास खाते. मी बाई होते म्हणून सांगते, शेऱ्याच्या रकान्यात जागा दोन बोटं असते, मुलं पन्नास. त्यात जिला नेहमीचं ‘गुड’ सोडून असा शब्द शोधावासा वाटला, तिनं तुमच्या नातीकडं बघितलेलं आहे. जाब कसला विचारता? भेटा, आणि ‘ती काय काय प्रश्न विचारते’ एवढंच विचारा.

एक सावधगिरी. हाच शब्द शाळेऐवजी डॉक्टरांच्या कागदावर दिसला तर मात्र तो वेगळा. ‘प्रिकोशस प्युबर्टी’ म्हणजे मुलीला आठ वर्षांच्या आत किंवा मुलाला नऊ वर्षांच्या आत वयात येण्याची लक्षणं दिसणं. तिथं कौतुक नाही, तिथं तपासण्या आहेत. तुमच्या नातीच्या शेऱ्याचा त्याच्याशी काही संबंध नाही; मोबाइलवर पुन्हा शोधलंत तर ते पान समोर येईल आणि दुसरा गोळा येईल, म्हणून आधीच सांगून ठेवलं.

राहिले गोकाकचे व्याही. त्यांना चुकूनही ‘अधिकप्रसंगी’ म्हणू नका. आपल्याला तो शब्द निरुपद्रवी वाटतो, अधिक आणि प्रसंग, काय बिघडलं? पण कन्नडमध्ये नको तिथं नाक खुपसणारा, मोठ्यांच्या मध्ये बोलणारा तो अधिकप्रसंगी. आपला आगाऊच, संस्कृत सोवळं नेसलेला. सरळ सांगा, ‘वयस्सिगे मीरिद बुद्धि’, वयाला ओलांडून गेलेली बुद्धी. ते पलीकडून बहुतेक म्हणतील, ‘बेळेयुव सिरी मोळकेयल्ली’. म्हणजे पिकाची श्रीमंती मोडातच दिसते. आपण त्याच जागी मुलाचे पाय पाळण्यात बघतो. त्यांनी रोप बघितलं, आपण पाळणा, आणि रोमन माणसानं फळ. मला विचाराल तर कन्नड म्हण या शब्दाच्या जास्त जवळची आहे.

आणि कुंदा घरापुरता का, तर गल्लीत वाटलात की पोरीला कळेल की आपण काहीतरी झालोय. मग ती प्रश्न विचारताना तुमच्या तोंडाकडं बघायला लागेल. आता ती प्रश्नाकडं बघत असेल.

प्रश्न : मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. इंग्रजीच्या निबंधात मी कुमार गंधर्वांवर लिहिलं. त्यात एक वाक्य होतं, ‘ते शेवटपर्यंत प्रिकोशस गायक राहिले.’ सरांनी ‘प्रिकोशस’खाली लाल रेघ मारली आणि शेजारी ‘प्रॉडिजी?’ असं लिहिलं. दोन्हींत फरक काय? आणि माझं चुकलं काय?
— एक विद्यार्थिनी, निपाणी

उत्तर : या महिन्यात हा शब्द माझ्या पाठीच लागलाय. बरं झालं, वरचं टिळकवाडीच्या आजींना लिहिलेलं आधी वाच.

तुझं चुकलं ते ‘शेवटपर्यंत’. जून महिन्यात आलेल्या आंब्याला कुणी आगाप म्हणत नाही. प्रिकोशस हा वेळेचा शब्द आहे. वय आणि कर्तृत्व यांच्यात अंतर पडतं तेवढ्यापुरता तो जिवंत असतो. दहा वर्षांचा मुलगा सत्तर वर्षांच्या बुवांसारखा गातो तेव्हा तो प्रिकोशस. तोच सत्तरीत तसा गायला तर तो फक्त गायक. म्हणूनच ‘वयाच्या मानानं फार प्रिकोशस’ असंही लिहू नकोस, वयाचा मान शब्दाच्या आत आहेच.

पण उदाहरण तू सुरेख निवडलंस. ८ एप्रिल १९२४ ला आपल्या बेळगावजवळच्या सुळेभावीत जन्मलेला शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकली. कन्नड घरातलं पोर. ग्रामोफोनच्या तबकड्या ऐकायचं आणि मोठमोठ्या गवयांची गाणी हरकतींसकट जशीच्या तशी गाऊन दाखवायचं. ‘कुमार गंधर्व’ ही पदवी त्याला लहानपणीच एका स्वामींकडून मिळाली. या वयापर्यंत तुझं विशेषण चपखल बसतं. पण पुढं काय झालं? मुंबईत बी. आर. देवधरांकडं शिकायला बसले. मग ऐन तारुण्यात क्षय झाला, देवासला जाऊन राहिले, काही वर्षं गाणंच बंद. अंथरुणावर पडून माळव्याची लोकगीतं कानावर पडत राहिली, आणि पुन्हा उभे राहिले तेव्हा जे गायले ते कुठल्याच तबकडीवर नव्हतं. तबकडीतलं हुबेहूब काढणारा मुलगा प्रिकोशस होता. देवासचा माणूस पिकला तो सावकाश. तुझ्या निबंधात वाक्य दोन ठिकाणी तोडून हे दोन काळ वेगळे केलेस तर सरांची रेघ पुसली जाईल.

‘प्रॉडिजी’ हे नाम आहे, विशेषण नाही. त्याचं मूळ बघितलंस तर दचकशील. लॅटिनमध्ये तो शकुनाचा शब्द, म्हणजे आकाशात काही विपरीत दिसलं, दोन डोक्यांचं वासरू जन्मलं, तर ते ‘प्रोडिजियम’. त्यातलं भय गेलं आणि आश्चर्य उरलं. तेव्हा प्रॉडिजी बघून लोक तोंडात बोट घालतात; प्रिकोशस बघून तसं करतीलच असं नाही, दुसरीतली चुणचुणीत पोरगीही प्रिकोशस असू शकते. सगळे प्रॉडिजी प्रिकोशस, पण उलट नाही.

एक खोच आणखी. हा शब्द नेहमी मोठ्यांनी लहानांकडं वरून बघत उच्चारलेला असतो. ज्ञानेश्वरांनी ज्ञानेश्वरी सांगितली ती १२९० मध्ये, पंधरा-सोळाव्या वर्षी. वेळेच्या हिशेबानं शब्द लागू पडतो. पण लावून बघ, जीभ रेटत नाही. कारण तिथं वरून बघायला आपण वर नाही.

क्विंटिलियन नावाचा एक रोमन गुरुजी होता, इसवी सनाच्या पहिल्या शतकातला, मुलांना वक्तृत्व शिकवायचा. त्यानं अशा मुलांसाठी हाच ‘प्रायकॉक्स’ वापरलाय आणि म्हटलंय की अशी बुद्धी क्वचितच फळाला येते. वरवर फेकलेलं बी लवकर उगवतं, आणि कणसांचं सोंग घेतलेलं गवत कापणीच्या आधीच पोकळ कुसळांसकट पिवळं पडतं, असा त्याचा दाखला. खानापूरच्या भाताच्या रानात पोचट लोंबी मी पुष्कळ बघितली आहे, तेव्हा दाखला पटतो. मत पटत नाही. त्याला सुळेभावीचा शिवपुत्र भेटला नव्हता, आणि पोचट निघालेल्या किती मुलांना त्यानंच ‘खाली बस’ म्हटलं होतं, हे त्यानं लिहिलेलं नाही.

‘फेरोशस’शी गल्लत करू नकोस. शेवट सारखा दिसतो म्हणून माझ्या वर्गात एकानं वाघाला प्रिकोशस केलं होतं. मी मार्क कापला, पण पेपर तपासताना एकटीच हसत होते.

प्रश्न : खानापूर तालुक्यात माझी दीड एकर वरकस जमीन आहे. गेल्या पावसाळ्यात काजूची कलमं लावली. रोपवाटिकेनं दिलेल्या इंग्रजी पत्रकात या जातीपुढं ‘प्रिकोशस बेअरर’ लिहिलंय. पोराला विचारलं तर तो म्हणतो, काहीतरी दोष असणार, ‘प्री’ म्हणजे अपुरं. रोपं सगळी लावून झालीत. काय करू?
— एक शेतकरी, खानापूर तालुका

उत्तर : दादा, दोष नाही, जाहिरात आहे. ‘प्री’ म्हणजे अपुरं नव्हे, आधी. ‘बेअरर’ म्हणजे फळ धरणारं. पत्रक सांगतंय की हे झाड लवकर धरतं. तुमच्या पत्रकात हा शब्द आपल्या मूळ घरी परत आलाय, म्हणून तुमचं पत्र वाचून मला सगळ्यांत बरं वाटलं. पोरं, गवई सगळे नंतरचे. आधी तो झाडाचाच होता.

कलम लवकर का धरतं, हे तुम्हाला मी सांगायची गरज नाही, पण पोराला सांगा. बी लावून आलेलं झाड आधी आपलं बालपण काढतं, मग मोहरतं. कलमाची काडी घेतलेली असते धरत्या झाडाची. मूळ कोवळं, पण वरची फांदी वयानं मोठी. तिचं बालपण आधीच होऊन गेलेलं. त्यामुळं पहिल्या-दुसऱ्या वर्षीच मोहोर डोकावतो. दिसायला झाड गुडघाभर आणि अंगात आईचं वय. टिळकवाडीच्या आजींच्या ‘अकालप्रौढ’ला शोभेल असं खरं काही असेल तर ते हे.

आता महत्त्वाचं. तो पहिला मोहोर ठेवायचा नसतो. पहिली दोन वर्षं मोहोर दिसला की खुडायचा, म्हणजे झाड अंगानं भरतं, खोड धरतं, फांद्या पसरतात. काजूच्या लागवडीत हीच शिफारस आहे. तिसऱ्या वर्षापासून फळ घ्यायचं. बुंध्याशी कलमाच्या जोडाखालून फुटवे आले तर तेही काढत चला, नाहीतर वरची जात राहील बाजूला आणि खालचं रानटी झाडच वाढेल. थंडीत नवी पालवी आणि मोहोर एकदम सुकायला लागला तर ढेकण्याची शंका घ्या.

ढेकण्याला इंग्रजीत ‘टी मॉस्किटो बग’ म्हणतात, आणि तो मॉस्किटोही नव्हे, म्हणजे डास नव्हे. माझी हद्द तिथं संपली. औषध कुठलं आणि किती, ते खानापुरातल्या तोटगारिका खात्याच्या, म्हणजे फलोत्पादन खात्याच्या, कचेरीत विचारा. तिथं पत्रक कन्नडमध्ये मिळेल. अडलं तर पाठवा, वाचून देते.